कडा कापलेला कॅचर

दोह्यात हिवाळा आला हे कॅलेंडर सांगत नाही, कान सांगतात. नोव्हेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी एसी बंद केला की घरात एकदम शांत होतं, आणि उन्हाळाभर आपण एका घरघरीच्या पोटात राहत होतो हे तेव्हा कळतं. मग खिडकी उघडायची. काचेभोवतीची रबराची पट्टी उन्हानं चिकटून बसलेली असते, ती चर्र करून सुटते. बाहेरून गाड्या येतात, खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, माणसाचं फोनवरचं मल्याळी येतं, शेजारच्या घरात तळल्या जाणाऱ्या लसणाचा वास येतो. आणि पूर्वी यायची ती धूळ.

परवा एसी बंद केला, खिडकी उघडली आणि सवयीनं चौकटीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. धूळ यायचं आता कारणच उरलेलं नाही. रस्ते झाले, पूल झाले, मेट्रो झाली, वर्ल्डकप येऊन गेलासुद्धा. स्वच्छ बोटाकडे बघत मी उभा राहिलो आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मला लाज वाटत होती. धुळीची नव्हे, धूळ पुसणाऱ्या हातांची आठवण येऊन.

वर्ल्डकपच्या आधीची ती वर्षं ज्यांनी इथं काढली त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. अख्खं शहर उलगडून ठेवलेलं. सकाळी ज्या रस्त्यानं ऑफिसला जावं तो संध्याकाळी परतताना जागेवर नसायचा. मोबाइलमधली नकाशावाली बाई 'उजवीकडे वळा' म्हणायची आणि उजवीकडे तीन माणूस खोल खड्डा असायचा. नारिंगी-पांढरे अडथळे, क्रेनच्या रांगा, इंडस्ट्रियल एरियाकडून येणाऱ्या कामगारांच्या बसेस, खिडक्यांना टेकलेली झोपाळू डोकी. कुठल्याही कामाची तारीख विचारली की एकच उत्तर, इन्शाल्ला. आणि या सगळ्यावर पिठासारखी बारीक, फिकट पिवळी धूळ. आमच्या अल मुंतझातल्या जुन्या इमारतीत ती बंद खिडकीतूनही आत यायची. डाळीच्या डब्याच्या झाकणावर, देवघरातल्या गणपतीच्या सोंडेवर, सगळीकडे.

मी मेकॅनिकल इंजिनीयर. नाशिकला शिकलो आणि वाळवंटात गार वारा करायचं काम मिळालं. एका स्टेडियमच्या खुर्च्यांखालून थंड हवा सोडायची, ती प्रेक्षकांच्या पायांशी पोचली पाहिजे आणि मैदानावरच्या गवताला बाधली नाही पाहिजे, हे आमच्या टीमचं काम. भोवती सगळे फुटबॉलमय झालेले. ज्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही असे आमचे महाराष्ट्र मंडळातले लोकसुद्धा ऑफसाइडवर तावातावानं बोलू लागले होते. आणि मी, क्रिकेटच्या देशातला, फुटबॉलच्या गावात राहणारा, गुपचूप जमवत होतो जपानी बेसबॉलची जुनी चित्रं.

हसा. मीही हसतो. बेसबॉलचे नियम मला आजही धड येत नाहीत.

झालं असं होतं. कंप्रेसर तपासायला कंपनीनं मला ओसाकाला पाठवलं. काम संपल्यावर एका गल्लीत जुनी पुस्तकं आणि कागदाचं दुकान दिसलं. पायरीवर एका खोक्यात पुठ्ठ्याची चित्रं पडली होती. भडक रंगांची, नारिंगी आभाळ, हिरवीगार टोपी, आणि टोपीखाली एका खेळाडूचा गोल चेहरा. छपाई इतकी ढिली की ओठांचा लाल रंग ओठ सोडून गालावर सरकलेला. बघताच मला सिन्नरच्या जत्रेतली कॅलेंडरं आठवली, देवीच्या कपाळाचं कुंकू भुवईवर घसरलेलं असायचं ती. मी ते चित्र घेतलं. दुकानदारानं त्याचं नाव सांगितलं, मेन्को.

मेन्को हा पोरांचा खेळ. एकानं आपलं पुठ्ठ्याचं चित्र जमिनीवर ठेवायचं, दुसऱ्यानं आपलं त्याच्या शेजारी असं फाडकन आपटायचं की नुसत्या वाऱ्यानं पहिलं उलटं व्हावं. उलटलं की जिंकलं, चित्र तुझं. मागच्या बाजूला कुठे मुठीचं, कुठे कात्रीच्या बोटांचं चित्र छापलेलं, म्हणजे दगड-कागद-कात्रीही त्यावर खेळता यावं. युद्ध हरलेल्या, भुकेल्या देशातल्या पोरांनी ही चित्रं धुळीत आपटून आपटून संपवली. म्हणून तर आज ती मिळत नाहीत. जी उरली ती कुठल्या तरी न खेळणाऱ्या, एकलकोंड्या पोराची असणार असं मला नेहमी वाटायचं, आणि त्या पोराबद्दल मला माया होती.

एकाची दहा झाली, दहाचा खण भरला. जपानमधल्या एका माणसाकरवी मी लिलावातून मागवू लागलो. कडा कशा आहेत, कोपरे किती मऊ झालेत, कुणी कापून सारखं तर केलेलं नाही, हे बघायला शिकलो. या नादात कडेला फार महत्त्व. चित्र फिकं चालतं, डाग चालतो, पण कड छापखान्यातून सुटली तशीच लागते. फाटकी असली तरी तिची स्वतःची फाटकी.

हे सगळं मी कुणाला सांगत नसे. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं पोराटोरांच्या खेळण्याकडे भिंगातून बघणं हे चारचौघांत बोलण्यासारखं नाही. आमच्या मंडळात लोक पुण्यातल्या फ्लॅटबद्दल बोलतात, मुलांच्या परीक्षांबद्दल बोलतात. कुणी विचारलंच तर मी म्हणायचो, पोस्टाची तिकिटं जमवतो. तिकिटं जमवणाऱ्याला समाजात मान आहे. सर्वात जास्त लपवलं ते ओकादासानांपासून. ओकादासान आमच्या कामावरचे जपानी सल्लागार, साठीचे, बारीक चणीचे, सगळ्यांशी कमरेत वाकून बोलणारे. ज्या माणसाच्या लहानपणाच्या वस्तू मी विकत घेत होतो त्यालाच त्या दाखवायची मला भीड पडायची. कुणाच्या तरी अंगणातलं आपण उचलून आणलंय असं वाटायचं.

त्या हिवाळ्यात आई आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. आई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त मास्तरीण, सिन्नरच्या अर्ध्या गावाचे कान पिरगळलेली. तिच्या व्हिसाचे कागद करताना मी गमतीनं म्हटलं होतं, "आई, आता तुझा स्पॉन्सर मी. माझ्या सहीशिवाय तुला यायला मिळणार नाही." ती फोनवर लगेच म्हणाली, "नऊ महिने मी तुला स्पॉन्सर केलं तेव्हा कुणाची सही घेतली नव्हती." अशी बाई.

आली आणि दुसऱ्या दिवसापासून घर तिचं झालं. स्वातीनं, माझ्या बायकोनं, डब्यांवर इंग्रजीत चिकटवलेली लेबलं तिनं काढून टाकली, कारण तिच्या मते डाळ दिसते ती डाळच असते. आमची ईरा तेव्हा दहाची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देणार. आई तिच्याशी मराठीतच बोलत राही आणि पोरगी "ओके, आजी" करत राही, दोघींचं मस्त चाललं होतं. आणि धूळ. धुळीशी आईनं वैर धरलं. सकाळी एकदा, दुपारच्या चहाआधी एकदा, ओल्या फडक्यानं साऱ्या चौकटी, टेबलं, पुस्तकांच्या पाठी पुसून काढायची. "अरे काय बांधतायत तरी काय हे लोक? साऱ्या गावाची चाळण केलीय," असं म्हणत फडकं पिळायची. बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं. एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि फडक्याचा तो सपसप आवाज. त्या दिवसांत मला घरी यायला आवडायचं.

तिनं एके दिवशी खण उघडलेला पाहिला. मी रोज ऑफिसातून आलो की हात धुऊन एक चित्र काढून बघायचो. एक कॅचर होता. कॅचर म्हणजे चेंडू झेलणारा, आपला विकेटकीपर म्हणा. तोंडावरची जाळी त्यानं कपाळावर सरकवलेली आणि वर बघून हसतोय, वरून पडणाऱ्या चेंडूची वाट बघत असावा. हे चित्र मी कितीतरी वर्षं शोधत होतो. जपानमधल्या त्या माणसानंही आशा सोडली होती. कडा फाटक्या, एक कोपरा मऊ पडलेला, पण अख्खं.

"कोण रे हा?" आईनं विचारलं.

"जपानी खेळाडू आहे. जुना."

"ओळखीचा आहे?"

"नाही गं. जमवतो मी. यातलं हे सगळ्यात जपण्यासारखं."

"मग हे असं उघड्या तोंडाच्या पिशवीत का ठेवलंयस?" ती म्हणाली. मी काहीतरी हसून सांगितलं. मऊ प्लॅस्टिकचं ते पाकीट वरून उघडं असतं, म्हणजे कागद गुदमरत नाही, हे समजावत बसलो नाही.

इथं आमच्या घराची एक रीत सांगायला हवी, आणि ती फक्त आमच्याच घराची नसावी. आमच्याकडे जे जपायचं ते लॅमिनेट करायचं. माझी दहावीची गुणपत्रिका, आईचं आदर्श शिक्षिकेचं प्रशस्तिपत्र, अथर्वशीर्षाचं पान, बाबांच्या निधनाची पेपरातली बातमी. शहरातून लॅमिनेशन करून आणणं म्हणजे त्या कागदाचा सन्मान होता. माझ्या इंजिनीयरिंगच्या पदवीलाही आईनं हा सन्मान दिला. कतारची नोकरी लागली तेव्हा पदवीच्या मागं सरकारी शिक्के हवे होते, आणि प्लॅस्टिकवर शिक्का बसेना. खिडकीतल्या कारकुनानं पदवी माझ्याकडे सरकवून कपाळावर हात मारला होता. मी विद्यापीठात खेटे घालून दुसरी प्रत काढली. आईला मात्र यातलं काही सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून. तिच्या हातून झालेलं नुकसान तिला कळू द्यायचं नाही, हे बाबाही करायचे. ती चकाकती पदवी अजून सिन्नरच्या बैठकीत लटकते आहे. तिच्यापासून असं सगळं झाकून ठेवलं नसतं तर पुढचं टळलं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी घरी आलो तर आई दारातच उभी. चेहरा नुसता फुललेला. "आधी हातपाय धू, मग दाखवते." मी धुतले. तिनं पदराखालून एक पाकीट काढलं.

ती एकटी खाली गेली होती. दोह्यात पहिल्यांदाच, एकटी. आमच्या गल्लीत खोदकाम चाललं होतं, फळ्यांच्या पुलावरून पलीकडे जावं लागायचं. ते ओलांडून ती कोपऱ्यावरच्या टायपिंग सेंटरात गेली, जिथं लोक व्हिसाचे अर्ज भरून घेतात. तिथल्या मुलाशी हिंदीत बोलली. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, अम्मा म्हणाला, कडक चहा पाजला. "मी म्हटलं, भैया, नीट करना, हमारे नंदू का जान है इसमें," ती सांगत होती. "कोपरे पार गेले होते रे. कडा फाटलेल्या. त्याला म्हटलं, आधी कडेनं सरळ कापून घे, म्हणजे बसेल व्यवस्थित. दोनदा काढायला लावलं मशिनीतून. आता बघ, शंभर वर्षं धूळ लागायची नाही."

पाकिटात कॅचर होता. चारी बाजूंनी सुतात कापलेला, जाड चकचकीत प्लॅस्टिकमध्ये. जाळी वर केलेला, हसणारा. प्लॅस्टिकच्या आत, मऊ पडलेल्या कोपऱ्याच्या जागी, एक छोटा हवेचा बुडबुडा राहिला होता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायचं झालं तर, आधी काहीच वाटलं नाही. मग मी तिच्याकडे पाहिलं. परक्या गावात फळ्यांचा पूल ओलांडून आलेली माझी सत्तरीची आई, शाळेतून पहिला नंबर घेऊन आलेल्या मुलीसारखी उभी होती.

"छान केलंस," मी म्हणालो.

मला तेव्हा स्वतःचा अभिमानच वाटला. आवाज हलला नाही, डोळ्यांत काही आलं नाही. स्वातीनं पाहिलं आणि तिला सगळं समजलं, पण तीही काही बोलली नाही. मी चित्र खणात ठेवलं आणि चहा मागितला. आपण किती मोठ्या मनाचे, असं त्या चहाच्या घोटाबरोबर वाटल्याचं मला नीट आठवतं. आता आठवलं की नको होतं.

पुढच्या शुक्रवारी ओकादासानांना आम्ही दुपारी जेवायला बोलावलं होतं. हे आधीच ठरलेलं. आईनं पुरणपोळी केली, कटाची आमटी केली. ओकादासान मांडी घालून बसले, पुरणपोळी दोन्ही हातांनी धरून खाल्ली, आमटीनं नाक लाल झालं तरी वाटी संपवली. आई खूश. त्यांना इंग्रजी मोजकं, आईला त्याहून मोजकं, पण वाढणं आणि 'आणखी घ्या' याला भाषा लागत नाही. जेवणं झाली, बडीशेप झाली, आणि आई म्हणाली, "थांबा हं, तुमच्या देशातलं एक दाखवते."

"आई, राहू दे," मी म्हणालो. आवाज वाजवीपेक्षा तीक्ष्ण निघाला. पण ती तोवर उठून गेली होती.

ओकादासानांनी रुमालाला हात पुसले आणि दोन्ही हातांनी चित्र घेतलं. चेहरा उजळला. "मेन्को!" ते म्हणाले आणि हसले. मोठा भाऊ मेन्कोत नेहमी जिंकायचा, आपण रडत घरी जायचो, असं काहीतरी ते सांगू लागले. सांगता सांगता चित्र त्यांनी खिडकीकडे जरा तिरकं केलं. उजेड प्लॅस्टिकवरून घसरला. त्यांचा अंगठा कडेवरून फिरला, थांबला, परत फिरला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच. पापणी लवायला लागेल तेवढा वेळ. त्या बघण्यात दोष नव्हता, कीव होती. लगेच ते आईकडे वळून, होते तिथूनच वाकले आणि म्हणाले, "फार प्रेमानं जपलंय."

मी भाषांतर करून सांगितलं. आईचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. जन्मभर जिनं वह्या घरी विसरणाऱ्या पोरांचे चेहरे वाचले, तिच्यासमोर मी हसलो. फार नीट हसलो. त्या हसण्यानंच घात केला असावा.

ओकादासान गेल्यावर ती भांडी आवरत होती. मी ओट्यापाशी पाणी प्यायला गेलो.

"नंदू, ते चित्र मी खराब केलं का रे?"

"छे गं. काहीतरीच काय."

"खरं सांग."

"अगं पुठ्ठा तो. त्यात काय खराब व्हायचंय?"

तिनं नळ बंद केला. "मग त्या दिवसापासून तू ते एकदाही बघितलं का नाहीस? रोज बघायचास."

दारात उभी असलेली स्वाती हळूच म्हणाली, "सांगून टाक ना रे. त्यांना असं अंधारात ठेवू नकोस." मग मी सांगितलं. कडांचं सांगितलं, कापलेलं चित्र जमवणारे हातात धरत नाहीत हे सांगितलं. बोलता बोलता पदवीचंही तोंडून निघून गेलं, का गेलं कोण जाणे. आई वर्गातल्या मुलासारखी ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "आता ते प्लॅस्टिक काढता येत नाही?"

"नाही. रंग त्यालाच चिकटून येईल."

"मला काय ठाऊक रे," ती म्हणाली. आणि मग तिनं मान खाली घातली. "माफ कर हं मला."

आईची मान खाली गेलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. बाबांना नेलं तेव्हाही ती ताठ उभी होती. शाळेत एका पुढाऱ्यानं सगळ्यांसमोर अपमान केला तेव्हा त्यालाच मान खाली घालायला लावून घरी आली होती. आणि माझ्या स्वयंपाकघरात, ओल्या हातांनी, माझ्यासमोर, एका पुठ्ठ्याच्या तुकड्यापायी. मी "अगं आई, वेडी आहेस का" वगैरे म्हणालो, तिचे हात धरले. ती हसलीसुद्धा. पण लाज ही एकाची दुसऱ्याला लागते. ती वरमली, मी मेल्याहून मेल्यासारखा झालो, स्वाती आपण सांगायला लावलं म्हणून ओशाळली, आणि ईरा आतून येऊन "व्हॉट हॅपन्ड?" विचारून सगळ्यांची तोंडं बघत परत गेली. चौघंही एकमेकांची नजर चुकवत होतो आणि कुणीच कुणाचं वाईट केलेलं नव्हतं.

आपल्याकडे लाजेला शब्द पुष्कळ आहेत. खजील होणं निराळं, ओशाळणं निराळं, वरमणं निराळं. या प्रत्येकातून माणूस थोड्या वेळानं बाहेर येतो, विषय बदलतो, चहा ठेवतो. पण आपल्यामुळे आपल्या माणसाला लाज वाटली, याची जी लाज असते तिला शब्द मला सापडलेला नाही. ती उतरतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई न्हाणीघराच्या दारात उभी होती. "हा टॉवेल घेऊ का?" तिनं विचारलं.

तिचा नेहमीचाच टॉवेल. मला वाटलं, धुवायला टाकायचाय का असं विचारतेय. मग दुपारी, "ही वाटी वापरायची ना?" संध्याकाळी, "टीव्ही लावू का जरा?" मग ते सुरूच झालं. हे उचलू का, तो डबा उघडू का, ईराच्या वेणीला ही रिबीन चालेल का. ज्या बाईनं डब्यांवरची लेबलं न विचारता उपटली होती ती आता पोहे घेतानाही स्वातीला विचारायची. रागानं नव्हे, टोमणा म्हणून तर नव्हेच. खरोखर विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत हात पुढं करायची नाही. खालच्या टायपिंग सेंटरातला मुलगा मला भेटला की "अम्मा कैसी हैं, आती नहीं" म्हणायचा. ती परत एकटी खाली उतरली नाही.

धूळ मात्र खाली बसायची थांबत नव्हती. फडकं नळाला वाळत असायचं. एकदा मी खिडकीच्या चौकटीकडे बघतोय असं पाहून तिनं विचारलं, "पुसू का?"

"आई, घर तुझंच आहे," मी म्हणालो. हे वाक्य बोलायची वेळ आली की ते खरं राहत नाही, हे मला बोलता बोलताच जाणवलं.

मी उपाय करून पाहिले. एका सुट्टीत सगळाच्या सगळा खण आणून तिच्यापुढं पलंगावर ओतला. "घे, बघ, हाताळ. ही काही देवाचे टाक नाहीत." तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकात एक अडकवले. नाशिकला शाळेची सहल घेऊन गेल्यावर वस्तुसंग्रहालयात ती पोरांना असे हात बांधायला लावायची. "छान आहेत," ती वाकून बघत म्हणाली, "लांबूनच बघते." मी चित्रं परत भरली. त्या वेळी मला ती सगळी गल्लीतल्या खड्ड्यात टाकून द्यावीशी वाटली. टाकली नाहीत. आजही आहेत, आणि खरं सांगायचं तर मी अजूनही मागवतो. लाजेनं छंद सुटत नाहीत, फक्त दार लावून करावे लागतात.

रविवारी, इथला आठवडा सुरू होतो त्या दिवशी, ऑफिसला जाताना स्टेडियम दिसायचं, दर आठवड्याला थोडं अधिक पुरं झालेलं. आत आम्ही वाऱ्याच्या चाचण्या घेत होतो. रिकाम्या खुर्च्यांखालून गार हवा निघायची, मी तिथं बसून पायांना ती लागते का बघायचो, आणि मनात आईचं 'घेऊ का' ऐकायचो. ओकादासानांनी एकदा चहा घेताना विचारलं, "तुमच्या आईंना पुरणपोळीबद्दल पुन्हा धन्यवाद सांगाल?" मी हो म्हणालो. चित्राचं त्यांनी पुढं कधी काढलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मला एवढं गप्प राहता आलं नसतं.

व्हिसा संपत आला. वाढवून घेऊ, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "नको रे, घर बंद आहे तिकडे." खरं असेलही. बॅग भरताना ईरानं तिला स्वतः रंगवलेलं एक फुटबॉलचं चित्र दिलं. आईनं ते धरलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे नेऊ ना?" पोरगी माझ्याकडे बघायला लागली. आजीला दिलेलं चित्र आजी बाबाला का विचारतेय, हे तिला समजेना. मला समजलं आणि मी बॅगेची चेन ओढत राहिलो.

विमानतळावर गर्दी होती. रस्ता पुन्हा बदललेला, त्यामुळे पोचायला उशीर. धावपळीत सामान टाकलं, पास घेतला. आत जायच्या रांगेपाशी आलो. स्वातीनं आणि ईरानं वाकून नमस्कार केला, मी केला. आईनं ईराच्या गालावरून हात फिरवला. आमच्याकडे निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. सिन्नरच्या उंबऱ्यावरून मी शंभरदा म्हटलेलं, तिनं शंभरदा म्हणायला लावलेलं. मी वाट बघत होतो, ती आता 'येते' म्हणेल आणि वळेल.

ती वळली, चार पावलं गेली, आणि परत आली. मला वाटलं काही विसरलं. पर्स छातीशी धरून ती माझ्यासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, म्हणाली,

"येऊ ना रे परत?"

मागची माणसं सरका म्हणत होती. मला तिला घट्ट धरायचं होतं, ओरडायचं होतं, काय विचारतेस हे, कुणाला विचारतेस. यातलं काही झालं नाही. ती उत्तराची वाट बघत थांबली होती, उत्तर मिळेपर्यंत ती जाणार नव्हती.

"हो," मी म्हणालो.

तिला बरं वाटलं. तसं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आईला मुलाच्या घरी यायला होकार लागला, आणि तो मी दिला.